तालुक्याचे महाविद्यालय आणि संविधानाचे शिक्षण : समुद्रपूरच्या संदर्भात एक आढावा

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी अठरा वर्षांचा झालेला असतो किंवा त्याच वर्षी होणार असतो. संविधानाच्या अनुच्छेद 326 मुळे तो मतदार होण्यास पात्र ठरतो. तो खेड्यात राहत असेल आणि त्याचे नाव गावाच्या मतदार यादीत असेल, तर अनुच्छेद 243 प्रमाणे तो ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी निवडून यावे लागत नाही आणि कोणाची शिफारसही लागत नाही. एकविसाव्या वर्षी, म्हणजे साधारणतः पदवी हाती येते त्या सुमारास, तो ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकतो. नागरिक म्हणून मिळणारे बहुतेक अधिकार महाविद्यालयाच्या तीन-चार वर्षांतच मिळतात. म्हणून या वर्षांत संविधान कसे शिकवले जाते आणि त्याचा वापर करण्याची सवय लागते की नाही, हा उच्च शिक्षणातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

या प्रश्नाची चर्चा सहसा मोठ्या शहरांतली विद्यापीठे डोळ्यांपुढे ठेवून होते. प्रत्यक्षात महाराष्ट्रातले असंख्य विद्यार्थी तालुक्याच्या ठिकाणी शिकतात. वर्धा जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी समुद्रपूर हा असाच एक. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा भाग राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. सकाळच्या एसटीने गावाहून यायचे, दुपारी परत जायचे आणि हंगामात घरच्या शेतावर राबायचे, असा इथल्या अनेक विद्यार्थ्यांचा दिवस असतो. साधनांच्या बाबतीत अशी महाविद्यालये शहरांच्या मागे आहेत. संविधानाच्या शिक्षणात मात्र त्यांची जागा अधिक सोयीची आहे. तहसील कार्यालय, पंचायत समिती, पोलीस ठाणे, न्यायालय आणि नगरपंचायत ही सगळी यंत्रणा एकाच लहान गावात आहे आणि विद्यार्थ्याच्या घराशी तिचा रोजचा संबंध आहे. ही सोय अभ्यासक्रमाने अजून पुरती वापरलेली नाही.

शिक्षण आणि नागरिकत्व यांची सांगड घालण्याचा एक मोठा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला होता. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अहवाल दिला. या अहवालातून पुढे आलेली नई तालीम म्हटले की लोकांना तकली आणि चरखा आठवतो. पण त्या अहवालात नागरिकत्वाचा विचार स्वतंत्रपणे मांडलेला आहे. उद्याचा भारत अधिकाधिक लोकशाही होत जाणार, म्हणून नव्या पिढीला आपले हक्क आणि जबाबदाऱ्या कळल्या पाहिजेत, ही त्याची भूमिका होती. सेवाग्रामच्या शाळेत आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम यांच्या देखरेखीखाली मुले आपले प्रतिनिधी निवडत, सफाई-स्वयंपाकापासूनची कामे वाटून घेत आणि त्यांचा हिशेब आपल्या सभेपुढे ठेवत. सभेला उत्तर देणे हा लोकशाहीचा गाभा आहे आणि तो तिथे रोजच्या कामातून शिकवला जात होता.

वर्ध्याचा दुसरा धागा थेट संविधानाशी जुळतो. वर्ध्याच्या सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी 1946 मध्ये स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याला गांधीजींची प्रस्तावना होती. गाव हा राज्यव्यवस्थेचा पाया आणि त्यावर तालुका, जिल्हा, प्रांत असे थर, अशी त्याची रचना होती. संविधान सभेने वेगळा मार्ग घेतला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचे ठामपणे समर्थन केले. जातीच्या उतरंडीत दबलेल्या माणसाला गावाच्या हवाली करण्यास त्यांचा विरोध होता. अनेक सदस्यांना हे पटले नाही आणि सभागृहात मोठी चर्चा झाली. अखेर 22 नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती आंबेडकरांनी स्वीकारली. ग्रामपंचायतींविषयीचा आजचा अनुच्छेद 40 तो हाच.

हा वाद वर्ध्याच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखा आहे, कारण त्याच्या दोन्ही बाजू त्यांच्या गावात आजही दिसतात. गावाला सत्ता मिळाली पाहिजे हे खरे, आणि त्या गावात दुबळ्या माणसाला संरक्षण हवे हेही खरे. 73व्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांसाठी जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात पंचायतींतले महिलांचे आरक्षण 2011 पासून निम्मे आहे. संविधान सभेतल्या भाषणांपासून गावच्या सरपंचपदाच्या सोडतीपर्यंतचा हा प्रवास एका तासिकेत उलगडता येतो. पाठ्यपुस्तकांत मात्र ‘अनुच्छेद 40 : ग्रामपंचायतींचे संघटन’ एवढी एकच ओळ असते.

ज्यांचे नाव 2005 पासून नागपूर विद्यापीठाला आहे, त्या तुकडोजी महाराजांचा वारसाही याच दिशेचा. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ग्रामगीते’त 41 अध्याय आहेत आणि गावाची सफाई, शिक्षण, आरोग्य, न्याय, निवडणूक असा गावकारभाराचा विचार त्यात आहे. विदर्भातल्या विद्यार्थ्याच्या घरी ही पोथी असण्याची शक्यता संविधानाच्या प्रतीपेक्षा जास्त. संविधानाकडे नेणारी ती ओळखीची वाट आहे आणि शिक्षकांनी ती जरूर वापरावी.

स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षणात संविधान बराच काळ राज्यशास्त्र आणि विधी या विषयांपुरते राहिले. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा नागरिकशास्त्राशी संबंध दहावीला संपत असे, आणि तिथेही इतिहास व राज्यशास्त्राची मिळून एकच 40 गुणांची प्रश्नपत्रिका. 1976 च्या 42व्या दुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. ती कशी शिकवावीत यावर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने 1999 मध्ये अहवाल दिला. पण विषय सक्तीचा करण्याची जोरकस पावले फार उशिरा पडली. पर्यावरण या विषयाशी तुलना केली तर फरक दिसतो. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये निर्देश दिले आणि पुढे सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा अभ्यास अनिवार्य झाला. संविधानाच्या वाट्याला असा आदेश आला नाही. अभियांत्रिकीच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात तो अनिवार्य झाला, पण श्रेयांकाविना. जिथे गुण नाहीत तिथे विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही विषय उरकून टाकतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाच्या पुढाकाराने ‘लोकशाही, निवडणूक व सुशासन’ हा अभ्यासक्रम विद्यापीठांत आला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने तो पदवीच्या सर्व शाखांसाठी घेतला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही लागू झाले. त्यात मूल्यशिक्षणाचे, सहशालेय उपक्रमांचे आणि समाज सहभागाचे श्रेयांक आहेत. संविधानाच्या शिक्षणासाठी आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी जागा. धोका एवढाच की संविधान ‘मूल्यशिक्षणा’च्या खान्यात बहुपर्यायी प्रश्नांचे होऊन बसेल, समाज सहभागाच्या खान्यात झाडे लावून छायाचित्रे जोडली जातील आणि दोहोंची गाठ कधीच पडणार नाही. ग्रामसभेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे श्रेयांक एकाच कामातून मिळावेत, अशी रचना अभ्यास मंडळांना करता येईल.

अभ्यासक्रमाबाहेरच्या उपक्रमांत उद्देशिकेच्या वाचनाने विदर्भात मोठी मजल मारली. नागपूर जिल्हा परिषदेचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी 2005 मध्ये जिल्ह्यातल्या शाळांत उद्देशिकेचे वाचन आणि 26 नोव्हेंबरचा संविधान दिन सुरू केला. केंद्र सरकारने हा दिवस अधिकृतपणे जाहीर केला तो 2015 मध्ये, आंबेडकरांच्या 125व्या जयंती वर्षात. राज्यातल्या शाळांत उद्देशिकेचे वाचन 26 जानेवारी 2020 पासून अनिवार्य झाले. नागपूरच्या एका अधिकाऱ्याने शाळांच्या परिपाठात सुरू केलेली गोष्ट देशाच्या दिनदर्शिकेत गेली, याचा विदर्भाला अभिमान वाटावा. पाठांतराला कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे शब्द तोंडपाठ आहेत, त्याला निदान आपल्याला काय कबूल केले आहे हे माहीत असते. पण पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ते पुरेसे नाही. बंधुतेचा अर्थ समुद्रपूर तालुक्यात शिकवायचा तर गिरड जवळच आहे. तिथल्या टेकडीवरच्या बाबा फरीद यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांचे भाविक येतात. अनुच्छेद 25 वरची चर्चा तिथून सुरू झाली तर ती पुस्तकी राहणार नाही.

तालुक्याच्या गावात संविधान सर्वांत मन लावून वाचले जाते ते अभ्यासिकांत. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती यांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अनुच्छेद, परिशिष्टे आणि घटनादुरुस्त्यांची वर्षे मुखोद्गत असतात. ही मोठी पुंजी आहे आणि महाविद्यालयांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. राज्यपालांचे अधिकार बिनचूक सांगणाऱ्या याच मुलाला आपल्या ग्रामपंचायतीचे यंदाचे अंदाजपत्रक किती रुपयांचे आहे, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही, कारण परीक्षेत तो प्रश्न येत नाही. अभ्यासिकेतल्या या ज्ञानाला गावात काम देणे, हेच तालुक्याच्या महाविद्यालयापुढचे खरे शैक्षणिक काम आहे.

विद्यार्थ्याची संविधानाशी पहिली प्रत्यक्ष गाठ वर्गात पडतच नाही. ती पडते सेतू केंद्राच्या रांगेत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी, मग महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज. या कागदांमागे अनुच्छेद 15(4) आहे. तो 1951 च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने आला. त्यामागे दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद 46 आहे. रांगेतल्या मुलाला वाटते की सरकार आपल्यावर मेहेरबानी करते आहे. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या, शिष्यवृत्ती न मिळणाऱ्या मुलाला वाटते की आपल्यावर अन्याय होतो आहे. हे दोघे एकाच बाकावर बसतात आणि या विषयावर एकमेकांशी बोलत नाहीत. प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात महाविद्यालयाने दाखले कसे काढायचे याचे मार्गदर्शन करताना ते का आहेत हेही सांगितले, आणि आक्षेप मोकळेपणी मांडू दिले, तर समतेच्या हक्कावरची ती सर्वांत उपयुक्त तासिका ठरेल.

पुढची पायरी ग्रामसभेची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्या रूढीने 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी होतात. हे चारही सुटीचे दिवस आहेत, म्हणजे विद्यार्थी तेव्हा गावातच असतो. सकाळी महाविद्यालयात ध्वजवंदन करून त्याला दुपारी आपल्या गावच्या सभेत बसता येते. तिथे त्याने करायचे काम साधे आहे : विषयपत्रिका आधी मिळाली का, महिला सभा वेगळी झाली का, गणसंख्या भरली का, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले का आणि कोणते ठराव झाले, हे टिपून आणायचे. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती नसली की सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग गणसंख्येची अट राहत नाही आणि थोडक्या लोकांत गावाचे निर्णय होतात. हा नियम वाचून समजतो, पण त्याचा परिणाम रिकाम्या सतरंज्या पाहूनच कळतो.

पैशाचा हिशेब हा ग्रामसभेचा दुसरा धडा. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमातून प्रत्येक ग्रामपंचायत आपला आराखडा करते आणि तो ग्रामसभेपुढे येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधील ठेवण्यात आला. ग्रामपंचायतींचे आराखडे आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या गावचा जमाखर्च वाचून दाखवला, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने विहिरी-हातपंपांचे पाणी तपासून निष्कर्ष सभेपुढे ठेवले, तर त्यांच्या विषयाचाही अभ्यास होतो आणि गावालाही उपयोग होतो. समुद्रपूर गावातच राहणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे नगरपंचायत असल्याने ग्रामसभा नाही. तिथला कारभार 74व्या दुरुस्तीच्या आणि नगरपरिषदांच्या 1965 च्या कायद्याच्या कक्षेत येतो. गाव आणि नगर यांच्या कारभारातला हा फरक एकाच वर्गातले विद्यार्थी आपापल्या घरून सांगू शकतात.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 हे या सगळ्याचे पूरक साधन. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत सर्वांना माहीत असते. प्रश्न नेमका कसा विचारावा, माहिती अधिकाऱ्याचे मत न मागता अभिलेख कसा मागावा आणि पहिले अपील केव्हा करावे, हे शिकवावे लागते. त्याआधी विद्यार्थ्यांनी या कायद्याचे कलम 4 वाचावे, कारण त्याप्रमाणे कार्यालयाने कितीतरी माहिती आपण होऊन जाहीर करायची असते. न्यायालयाच्या बाबतीतही तसेच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 ने तालुका पातळीवर विधी सेवा समित्यांची तरतूद केली. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ही गोष्ट शेतीच्या बांधावरून किंवा घरातल्या छळावरून हैराण झालेल्या किती घरांना माहीत आहे? विद्यार्थ्याने ती घरी सांगितली तर अनुच्छेद 39-अ त्या घरापर्यंत पोहोचतो.

मतदार नोंदणीत अडचणी कमी झाल्या आहेत. 1989 मध्ये 61व्या दुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 झाले. पूर्वी 1 जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी तिथल्या पत्त्यावर किंवा मूळ गावी, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव नोंदवू शकतो. नागपूरला किंवा पुण्याला शिकायला गेलेल्या मुलांना हे ठाऊक नसते आणि मतदानाच्या दिवशी एसटीच्या भाड्याअभावी त्यांचे मत वाया जाते. 2018 पासून निवडणूक आयोगाने सुरू केलेली मतदार साक्षरता मंडळे महाविद्यालयांत आहेत. 25 जानेवारीच्या मतदार दिनाची शपथ आणि रांगोळी स्पर्धा यांच्या पलीकडे, नमुना 6 वर्गातच भरून घेणे हे त्यांचे मुख्य काम असावे.

राष्ट्रीय सेवा योजना हा खेड्यापर्यंत पोहोचलेला सर्वांत मोठा विद्यार्थी उपक्रम. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांसह ती सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम आणि एक सात दिवसांचे शिबिर करायचे असते. श्रमदानातून शोषखड्डे आणि वनराई बंधारे झाले, अनेकांना प्रथमच घराबाहेर राहून काम करण्याची सवय लागली. मर्यादा मुदतीची आहे. सात दिवसांनी शिबिर उठते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात पडते. याला वर्धा जिल्ह्यातच एक चांगला पर्याय आहे. 1969 मध्येच स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रथम वर्षाचे विद्यार्थी सुरुवातीला आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि शिबिर संपल्यावरही त्यांच्याकडे जाणे सुरू राहते. आरोग्यासाठी आखलेली ही पद्धत नागरी शिक्षणाला जशीच्या तशी लागू पडते : एक गाव, तीच कुटुंबे, पदवी पूर्ण होईपर्यंत.

महाविद्यालयाच्या स्वतःच्या आवारात लोकशाही कितपत आहे, हा प्रश्न टाळून हा आढावा पुरा होऊ शकत नाही. हिंसाचारामुळे महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका थांबल्या आणि 1994 च्या कायद्याने गुणवत्तेनुसार नियुक्त्यांची पद्धत आणली. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये लागू केल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने विद्यार्थी परिषदेच्या खुल्या निवडणुकांची तरतूद केली. 2019 मध्ये त्या होण्याच्या बेतात असताना विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या, मग कोरोना आला. जो विद्यार्थी खासदार निवडतो त्याला आपला वर्गप्रतिनिधी निवडू न देणे, याचे समर्थन करणे कठीण आहे. हिंसेची भीती खरी होती, पण तिच्यावर उपाय आचारसंहिता आणि खर्चमर्यादा हा आहे, आणि तो लिंगडोह समितीने दिलेला आहे.

आवारातली दुसरी कसोटी मुलींच्या सुरक्षिततेची. 3 फेब्रुवारी 2020 रोजी शेजारच्या हिंगणघाटमध्ये एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले आणि आठवडाभरात तिचा मृत्यू झाला. संतापलेले विद्यार्थी आणि महिला रस्त्यावर उतरल्या. त्या संतापाला कायमचे रूप द्यायचे तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात असलेली अंतर्गत तक्रार समिती विद्यार्थिनींना माहीत असली पाहिजे, तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले असले पाहिजेत आणि तिच्याकडे जाताना भीती वाटता कामा नये. अनुच्छेद 21 मधला जीविताचा हक्क या भागातल्या मुलींसाठी परीक्षेतला प्रश्न उरलेला नाही.

शिक्षकांची मुख्य अडचण वेगळीच असते : संविधान शिकवताना चालू राजकारण येते आणि मग पक्षपाताचा आरोप होतो. जर्मनीत 1976 मध्ये बॉयटेल्सबाख येथे राजकीय शिक्षणाच्या अभ्यासकांनी यावर तीन तत्त्वे मांडली. विद्यार्थ्यावर मत लादायचे नाही. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे. आणि विद्यार्थ्याला स्वतःचे हित ओळखून भूमिका घेता येईल असे सक्षम करायचे. संशोधनही याला दुजोरा देते. 1960 च्या दशकात अमेरिकेत नागरिकशास्त्राच्या तासांचा फारसा परिणाम होत नाही, असा निष्कर्ष निघाला होता. 1998 मध्ये रिचर्ड निएमी आणि जेन जुन यांच्या अभ्यासाने तो बदलला, आणि पुढच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत मोकळ्या चर्चेच्या वर्गाचे महत्त्व पुन्हा पुन्हा दिसून आले. वाद टाळणारा वर्ग शांत असतो, पण त्यातून नागरिक घडत नाही.

पदवीनंतर आणखी दोन मतदानाचे हक्क मिळतात आणि ते सर्वांत कमी माहीत आहेत. नोंदणीकृत पदवीधर म्हणून विद्यापीठाच्या अधिसभेवर दहा प्रतिनिधी निवडण्याचा एक. पदवीला तीन वर्षे झाल्यावर विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात मत देण्याचा दुसरा. विधानसभेच्या मतदार यादीत नाव असले तरी ते या याद्यांत आपोआप येत नाही. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते आणि नमुना 18 पुन्हा भरावा लागतो. समुद्रपूरच्या आणि त्यासारख्या प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयाने पदवीचे प्रमाणपत्र हाती देताना या दोन्ही नोंदण्यांची माहिती आणि अर्ज त्यासोबत द्यावेत.